नवव्या फॉर्मवरचा अंगठा

आधीच सांगते, मी भूतबित मानणारी मुलगी बिल्कुल नाहीये. इथले अनुभव मी मेट्रोत टाइमपास म्हणून वाचायचे, आणि कमेंटमध्ये हसणाऱ्यांतली एक मीच. पण ही गोष्ट कमलेशदीदीच्या उजव्या हाताची आहे, आणि सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाहीये... टायपिंग मिस्टेक सांभाळून घ्या.

माझं कॉलेज साउथ दिल्लीत. नाव घेत नाही. आमच्याकडे बीए नाहीच, फक्त मास्टर्स — म्हणजे कॅम्पसवर जो भेटेल तो डिझर्टेशनच्या टेन्शनमध्ये! माझा विषय दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बायका. बारा इंटरव्ह्यू. प्रत्येकीकडून एक संमतीचा फॉर्म घ्यायचा आणि त्याची कॉपी थीसिसच्या शेवटी लावायची, असा रूल.

कमलेशदीदी प्रेस मशीनवर. पत्रा ठेवायचा, मशीन दणकन खाली येतं, पत्रा काढायचा — दिवसभर. बाकी बऱ्याचजणींनी अंगठा दिला, हिने पेन मागितलं. मुलीच्या वहीवरून लिहायला शिकलेली. जीभ बाहेर काढून अख्खं नाव लिहिलं आणि म्हणाली, "दीदी, सँभाल के रखना. अंगूठा-छाप नहीं हूँ मैं." तो फॉर्म नंबर नऊ.

सबमिशनच्या आधी कुठून कॉपी मारलीय का चेक करतात ना, तो रिपोर्ट आला — पहिल्या पानापासून लाल! माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये तो हमारी ही लायब्ररी की पुरानी थीसिस है, वर्ड टू वर्ड." मी तिथेच रडायला लागले. यार, इंटरव्ह्यू मी स्वतः घेतलेत... आधी कोणी कसं लिहील?

त्यांनी दिलेला त्या थीसिसचा नंबर घेऊन लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये गेले. जुन्या थीसिस तिथेच असतात. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, टायटल माझंच. नावाच्या जागी अक्षरं घासून गेलेली. आत माझी वाक्यं. माझ्या स्पेलिंग मिस्टेकसुद्धा! फॉर्म तरी वेगळे असतील म्हणून शेवटाकडे गेले. एक, दोन, तीन... सगळे माझेच, माझ्या पेनच्या डागासकट. आणि नववा — सही नाही. डावा अंगठा. खाली माझ्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं, की उजवा हात गेल्यामुळे सही करता आली नाही.

तारीख उद्याची.

पुस्तक टेबलावर टाकून मी पळाले. दीदीचा फोन बंद. असणारच, फॅक्टरीच्या गेटवर फोन जमा करून घेतात. मेट्रो, मग शेअर ऑटो, हायवेवर जाम... माझं आपलं "भैया प्लीज, भैया प्लीज" चालू. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मैडम, उड़ा दूँ क्या?"

गेटवर गार्ड ऐकेना. "शिफ्ट में किसी को नहीं बुलाते." मी सरळ खोटं बोलले — "कमलेश की माँ सीरियस है, प्लीज अंकल!" तो आत गेला. ती वीस मिनिटं कशी काढली माझं मला माहीत.

आणि दीदी आली. दोन्ही हात जागेवर! मी तिचे हात धरून रडतच सुटले. ती हात सोडवत म्हणाली, "मेरी माँ को मरे छह साल हो गए. मैं तो ये देखने आई कि मरी हुई सीरियस कैसे हो गई. पागल हो गई हो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि आतून किंकाळी आली.

तिथे लाइन थांबवत नाहीत. कोणी उठलं की त्या मशीनवर दुसरी बसवतात. दीदीच्या जागी बबीताला बसवलं होतं. एकोणीस वर्षांची, पॅकिंगमधली, प्रेसवर पहिल्यांदाच. उजवा हात.

दोन दिवसांनी मॅडमनी परत चेक केलं. रिपोर्ट क्लीन. त्या म्हणाल्या, "सिस्टम का एरर होगा." बेसमेंटमध्ये त्या नंबरवर भलतीच थीसिस, वर धुळीचा जाड थर. आई म्हणते, टेन्शनमध्ये होतात भास. असेल... पण मग मी त्या दिवशी मानेसरला का गेले? तुम्हाला सुचलं तर खरंच सांगा.

परवा दीदीला भेटून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "उस किताब में बबीता का भी कागज था?"

बबीताचा इंटरव्ह्यू मी घेतलाच नव्हता. माझे फॉर्म बारा. त्या पुस्तकात किती होते, मला माहीत नाही.

मी नवव्यावरच थांबले. पुढचं पान उलटलंच नाही.