जर्मन मास्तरांची खालची ओळ

आमच्या चेलोच्या क्लासचे किस्से मी घरी इतके सांगते, की नवरा विचारतो, "तुम्ही वाजवता कधी?" प्रश्न रास्त आहे.

दर शनिवारी सकाळी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात, एका हॉलमध्ये आम्ही चौघं हेलनकडे शिकतो. मी फार्मसिस्ट, सुनील आयटीतला, आपटे आबा एकाहत्तर वर्षांचे आणि त्यांची नात इरा दहाची. पाचवे जर्मन मास्तर. ते एकोणिसाव्या शतकातच गेले, पण त्यांचं धड्यांचं पुस्तक आम्हाला अजून छळतंय.

*

गुरुपौर्णिमेला सुनीलने पुस्तकातला मास्तरांचा फोटो मोठा करून आणला, हार घातला, उदबत्ती लावली. हेलन आत आली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "अरेरे. कधी गेले?"

"झाली की शंभरावर वर्षं," आबा म्हणाले.

हेलनने कोट काढला. "मग आज क्लास घ्यायला हरकत नाही ना?"

*

पुस्तकाच्या पहिल्या पानावर मास्तरांचं चरित्र आहे. जन्म जर्मनीत, पुढे कित्येक वर्षं पॅरिसच्या ऑर्केस्ट्रात नोकरी, म्हातारपणी परत गावी येऊन शिकवण्या.

"म्हणजे आम्हा आयटीवाल्यांसारखे परदेशात ऑनसाइटच की," सुनील म्हणाला.

"हो, पण ते परत गेले," आबा म्हणाले. मी डब्यातला चिवडा पुढे केला.

*

सुनीलला घाई फार. एक संथ धडा त्याने निम्म्या वेळात उरकला आणि वर ऐटीत सांगितलं, "दोन मिनिटं वाचवली."

"स्वीट ॲज," हेलन म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "आता त्या दोन मिनिटांत त्यातला अर्धा तरी नीट वाजव."

*

मास्तरांच्या प्रत्येक धड्यात दोन ओळी असतात. वरची विद्यार्थ्याची, खालची गुरूची. शिकणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून.

आबा चेलो शिकले ते फक्त त्या खालच्या ओळीसाठी. इराला मराठी समजतं, पण बोलते इंग्लिश. आबांचं इंग्लिश पुण्याच्या ऑफिसातलं. 'हाउ वॉज स्कूल' आणि 'गुड' झालं की दोघांचं बोलणं संपायचं. आता आबा म्हणतात, "तू वर वाजव. मी खाली आहे," आणि इरा म्हणते, "ओके."

"आज दोनदा ओके म्हणाली," एकदा आबांनी मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं. मला भरूनच आलं.

अडचण एकच. पुस्तकाला नाहीतर चेलोला पाय लागला की आबा वाजवता वाजवता थांबतात, वाकून हात लावतात आणि तो कपाळाला टेकवतात. इरा लाजेने लाल होते. क्लासच्या कॉन्सर्टच्या आधी तिने बजावलं, "आबा, प्लीज. नॉट इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स. नाहीतर आय वोन्ट प्ले विथ यू. एव्हर."

आबांनी शब्द दिला. आठवडाभर पाय खुर्चीखाली घेऊन वाजवायचा सराव केला बिचाऱ्यांनी.

*

कॉन्सर्टला हॉल भरलेला. इराच्या मैत्रिणी पहिल्याच रांगेत. धडा अर्धा झाला आणि उशिरा आलेल्या कोणीतरी दार उघडलं. वेलिंग्टनचा वारा तो. आबांचं स्टँड उलटलं आणि पुस्तक थेट त्यांच्या बुटावर पडलं.

आबांनी इराकडे पाहिलं. दोन-चार सूर आठवणीवर वाजवले. शेवटी थांबलेच. वाकले, पुस्तक उचललं, कपाळाला लावलं.

इराही थांबली. मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आबांना पान सापडेना. "सॉरी, बाळा," ते एवढंच म्हणाले. मला तिथे बसवेना.

इराने चेलो आडवा ठेवला. उठून स्टँड उभं केलं, आबांच्या हातातलं पुस्तक घेतलं, क्षणभर कपाळाला टेकवलं आणि पान काढून समोर ठेवलं. मग पहिल्या रांगेला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वाजव आबा. मी वर आहे."