फ्यूजला गुंडाळलेली चांदी

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांचं टेबल आवरताना खणाच्या कोपऱ्यात एक निळा फ्यूज सापडला. नखाएवढा, प्लास्टिकचा, दोन चपट्या पायांचा, कधीच न वापरलेला. तो मीच तिथे ठेवला होता. का, ते लिहायला इतकी वर्षं लागली.

साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल. आमच्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, नवी छोटी गाडी घेतली होती. रत्नागिरीत आमच्या आळीत गाडी एकट्या त्यांच्याकडे. गाडीविषयीची अक्कल मात्र घरोघरी. गाडीबरोबर आलेलं पुस्तक भाऊजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलं नव्हतं. मला गाडी चालवता येत नव्हती, पण ते पुस्तक मी दोनदा वाचलं. कुठल्या फ्यूजवर काय चालतं, याचा त्यात तक्ता होता. हॉर्न आणि मागचे ब्रेकचे दिवे एकाच निळ्या फ्यूजवर. फ्यूजच्या डबीच्या झाकणाच्या आत दोन जादा फ्यूज. आणि खाली स्वच्छ लिहिलेलं : फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा, मग नवा बसवा, त्याच्या जागी दुसरं काही घालू नका.

बाबांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू होता. डाव्याने आधीच फारसं दिसत नव्हतं. कोर्टातली नोकरी संपल्यावर या माणसाला वाचनाखेरीज दुसरा उद्योग उरला नव्हता. वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या नोटिसासुद्धा ते सोडत नसत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर महिन्यातून एक दिवस कोल्हापूरला येत. त्यांची तारीख मिळाली. दुपारी दोनच्या आत पोहोचायचं होतं.

सकाळी निघताना भाऊजींनी डिकीत सुरमईच्या दोन टोपल्या चढवल्या. बर्फ, वर मीठ, वर गोणपाट. कोल्हापुरात त्यांचे कोणी साहेब होते.

"भाऊजी, पाणी गळेल," मी म्हटलं.

"गळूदे. गाडी जातेच आहे, तर रिकामी कशाला न्यायची?"

आमच्याकडे हे वाक्य म्हणजे वेदवाक्य. गाडी जातेच आहे, म्हणून मग शेजारच्या काकूंनी नारळ दिले, त्यांच्या जावेने लोणच्याची बरणी. डोळ्याचं ऑपरेशन हे त्या दिवशी गाडीतलं सगळ्यात हलकं सामान होतं.

पालीच्या बाजारात म्हैस आडवी आली आणि हॉर्न वाजला नाही. भाऊजींनी गाडी चहाच्या टपरीपाशी लावली. मी झाकण उघडून पाहिलं. निळा फ्यूज काळवंडला होता. डिकीतून खारं पाणी थेट मागच्या दिव्यांच्या वायरवर ठिबकत होतं. मी तेही दाखवलं. जादा फ्यूज लावला, तो ब्रेक दाबताच गेला. दुसरा मी हातात धरून ठेवला.

"आधी टोपल्या काढून ती जागा पुसू या," मी म्हटलं.

"मेल्या, पुस्तकातनं गाडी चालते काय?" भाऊजी हसले. टपरीवर चौघे जण होते, तेही हसले. त्यांतल्या एकाने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून आतली चांदी फाडून दिली. "ही गुंडाळा, शेट. कोल्हापूरपर्यंत बघायला नको."

घरच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणारी ही माणसं. दर पावसाळ्यात फ्यूज उडायचा आणि दर पावसाळ्यात तार थोडी जाड व्हायची. फ्यूज उडतो तो त्यांच्या लेखी फ्यूजचा नादानपणा. घरात कुठे ओल आली आहे, हे विचारायची लाज वाटावी, तसे सगळे त्या बिचाऱ्या तारेवरच चिडायचे.

भाऊजींनी उडालेल्या फ्यूजचे पाय चांदीत गुंडाळले. हॉर्न वाजला. टपरीने वाहवा केली. मी गाडीत बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. मुठीतला फ्यूज घामाने ओला झाला होता.

साखरप्याच्या बाजारात एसटी थांबली म्हणून भाऊजींनी ब्रेक दाबून धरला, आणि स्टिअरिंगखालून धूर आला. आधी वास, मग पांढरा, मग काळा. फ्यूजने जळायचं, ते न जळल्यामुळे वायरी जळल्या. गाडी ढिम्म झाली. बाबांना मी हाताला धरून उतरवलं. भाऊजींनी पहिली धाव डिकीकडे घेतली.

"बर्फ आणा कुणीतरी! सुरमई फुकट जाईल."

पुढची एसटी मिळेपर्यंत अकरा वाजून गेले. घाटात ती दोनदा थांबली. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर गेलेले होते. पुढच्या महिन्यात ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात आले आणि म्हणाले, गेलेली नजर आता परत येणार नाही, उरलेली राखू. सुरमई साखरप्यातच विकली गेली. भाऊजी अजून सांगतात, नव्या गाड्यांच्या वायरीच हलक्या.

त्यांच्यावर हसणं सोपं आहे, आणि मी आयुष्यभर ते केलं. पण त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत बाबांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं होतं, "तुला ठाऊक होतं ना, काय होणार ते?"

"हो."

"मग टपरीवर एकदाच का बोललास?"

"ते हसले, बाबा."

घरी आल्यावर तो निळा फ्यूज मी त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवला. रोज संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो, ते तेव्हापासून. लिलावाच्या नोटिसांसकट.