कलशातले नेते

फ्रिस्कोच्या आमच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेत एका कट्टर नास्तिक नेत्याला कलशात बसवलं होतं. मला ते संकल्प सोडल्यानंतर कळलं.

नेते तमिळनाडूचे. जातपात, कर्मकांड आणि भटजींची दक्षिणा यांच्याविरुद्ध ते जन्मभर बोलले. पुढे सरकारने त्यांच्या स्मरणार्थ चांदीचं नाणं काढलं. ते आमच्या शेजारणीच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, चेन्नईहून जिवापाड जपत आणलं होतं. मी नाण्यांतला जाणकार असल्याची थाप मारली (लहानपणी माझ्याकडे एक भोकाचा पैसा होता), आणि अप्पांनी ते एका दिवसासाठी निरखायला माझ्या हवाली केलं. "बोट लावू नको. उद्या रात्री माझी फ्लाइट आहे," एवढंच ते इंग्रजीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूजा. सकाळी आई म्हणाली, "कलशात टाकायला रुपया दे रे."

"क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर चालेल?"

"देवाला परकं चलन देतात का?"

मी पुण्याच्या गुरुजींचा व्हिडिओ कॉल टीव्हीला जोडण्यात गुंतलो होतो. "ड्रॉवरमध्ये बघ," म्हणालो. (आयुष्यातली बरीच संकटं मी याच वाक्याने ओढवून घेतली आहेत.)

संकल्प झाला, कलशावर ताम्हन चढलं, ताम्हनात बाळकृष्ण बसले. आणि फुलांच्या परडीशेजारी मला नाण्याची डबी दिसली. उघडी आणि रिकामी.

"मानसी, कलशात कुठला रुपया आहे?" मी बायकोच्या कानात विचारलं.

"आईंनी टाकला. मोठा होता, सिंहाचा. का?"

"तो अप्पांचा आहे."

"आता हलवता येणार नाही यार. उत्तरपूजेपर्यंत गप्प बस."

तेवढ्यात बेल वाजली. दारात अप्पा. ते देव मानत नाहीत, पण आईच्या हातचा शिरा मानतात. ते नेमके कलशासमोरच्या सोफ्यावर बसले.

"कॉइन सेफ आहे ना?"

"एकदम सेफ, अंकल." (खोटं नव्हतं. वर साक्षात बाळकृष्ण पहाऱ्याला होते.)

कथेत व्यापाऱ्याची नाव बुडाल्याचं गुरुजी रंगवून सांगत होते, आणि मला पाण्यात काळी पडणारी चांदी दिसत होती. आरतीत मी दोनदा चुकलो. उत्तरपूजेत पाणी झाडाला घालायच्या निमित्ताने कलश बाहेर पळवायचा, नाणं पुसायचं, डबीत घालायचं, असा माझा बेत ठरला. पण उत्तरपूजेच्या अक्षता पडताच टीव्हीतून गुरुजी म्हणाले, "मी इतक्या लांबून काय दक्षिणा घेणार? कलशातलं नाणं तिथल्या ज्येष्ठ गृहस्थांना द्या."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

ताम्हन उतरवून मी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. नाणं हळदीने पिवळं झालं होतं आणि नेत्यांच्या नाकाला दूर्वा चिकटली होती. तसंच ते अप्पांच्या तळहातावर ठेवलं.

"हा माझा कॉइन आहे," अप्पा म्हणाले.

"हो, अंकल."

"पाण्यात होता?"

"हो."

"आणि तो तू मला दक्षिणा म्हणून दिलास. म्हणजे आज इथला भटजी मी?"

मी मदतीसाठी टीव्हीकडे पाहिलं. "तसंच म्हणायचं," गुरुजी म्हणाले. हा माणूस माझ्या बाजूचा नव्हता.

अप्पांनी नाणं रुमालाने हलकेच टिपलं. "मग माझं ऐका. तुझी आई मघापासून किचनच्या दारात उभी आहे. आरतीलासुद्धा पुढे आली नाही. का?"

बाबा गेल्यापासून पूजेची सगळी तयारी आई करते आणि पूजेच्या वेळी आपली आपण मागे सरते. "तिला सवय आहे," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मला लाज वाटली.

"आरती परत करा. प्लेट अम्मांच्या हातात."

मी भीतभीत गुरुजींना विचारलं. "करा की," ते म्हणाले, "माझी काय हरकत?"

"अरे, मी कशाला आता," म्हणत आई पदराला हात पुसत आली. तिने तबक धरलं आणि असा खणखणीत आवाज लावला की अप्पासुद्धा टाळ्या वाजवायला लागले.

पूजाभर माझी नजर त्या नाण्यावरून हलली नव्हती. आई दिसली ती देव न मानणाऱ्या पाहुण्यांना. आणि दरवर्षी मंडळात समाजसुधारकांवर तासभर भाषण कोण ठोकतं? मीच.