शुक्रवारचं पान

बेळगावच्या शहापुरात साडी मागावरून उतरली की तिची घडी घालताना आत पेपर घालतात. घडी ताठ बसते आणि जरीचा काठ काठाला घासत नाही. त्यासाठी घराघरात रद्दी आणून ठेवलेली असते. दुपारी बायका बाहेरच्या सोप्यात चटई टाकून बसतात, एक साडी, एक पेपर, एक साडी, एक पेपर. मंगलआक्का लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून हेच करत आली. नवरा नागेंद्र यंत्रमाग चालवतो, ही घड्या घालते.

माझं गल्लीच्या तोंडाला पिको-फॉलचं दुकान आहे. साडी विणणारे आणि साडी नेसणारे, दोघांचंही बोलणं माझ्या कानावर येतं. सध्या मंगलआक्काबद्दल दोन्हीकडे वाईटच बोलतात. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी तिच्या आवाजाचं सांगते. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. मला "जेवलीस काय गं सुवर्णा?" एवढं विचारलं तरी वाटतं बाई कमरेला पदर खोचून भांडायला आली. तिला भांडखोर म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तिचा नुसता आवाज ऐकलाय, ती काय म्हणाली ते ऐकलेलंच नाही.

घडी घालताना तिची एक खोड होती. 'दैनिक मार्कंडेय'चं शुक्रवारचं शेवटचं रंगीत पान हाताला लागलं की ती ते बाजूला काढायची. त्या पानावर नट्यांचे फोटो असतात. कपडे कमी, आणि खाली मजकूर असा की वाचणाऱ्यानं आजूबाजूला बघून वाचावा. मी तिला चिडवायची, "अगं, त्या नटीनं पैसे घेऊन फोटो काढलाय, तुझं काय जातंय?" ती म्हणायची, "फोटू तिनं काढला आसंल. खाली जे लिवलंय ते तिनं लिवलंय व्हय?" बाईनं अंगभर नेसायच्या वस्तूत ती तसलं पान घालणार नाही, एवढं तिचं साधं होतं. पान चुलीत जायचं.

आता या पेपराचं सांगायला हवं. इथं मराठी पेपर म्हणजे नुसता पेपर नव्हे. बसची पाटी, दुकानाची पाटी, ऑफिसातला कागद, सगळं कन्नडमध्ये. सकाळी दारात पडतो तो पेपर तेवढा आपला. त्यातल्या निधनवार्ता वाचल्याशिवाय गल्लीत पहिला चहा होत नाही. संपादक मारुतीराव तरुणपणी सीमाप्रश्नात तुरुंगात जाऊन आलेले. ते गल्लीत आले की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. मीही राहायची.

मंगलआक्काची मुलगी स्वरूपा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. चारशे मीटर पळायची. पहाटे मागांचा आवाज सुरू व्हायच्या आत ही बूट घालून मैदानावर. नागेंद्र कमी बोलणारा माणूस, पण मुलीच्या बुटांना तो स्वतः पांढरा रंग लावायचा. मागच्या हिवाळ्यात बेळगावातल्या मोठ्या स्पर्धेत ती पहिली आली. गल्लीत पेढे वाटले. पुढच्या शुक्रवारी त्या रंगीत पानावर तिचा फोटो आला.

जिंकतानाचा फोटो त्यांच्याकडे असणारच. छापला तो शर्यत सुटायच्या आधीचा, ती वाकलेली असताना, मागून. चेहरा नाही. खाली पूर्ण नाव, कॉलेज आणि गल्लीसुद्धा. मथळा, 'धावती मोहिनी'. शेजारी एका नटीचा समुद्रकाठचा फोटो. स्वरूपा पहिली आली हे त्या पानावर कुठंच नव्हतं.

दुपारपर्यंत तो फोटो कॉलेजच्या सगळ्या मोबाईलवर फिरला. कोपऱ्यावर गाड्या लावून बसणारी पोरं ती दिसली की 'मोहिनी' म्हणून खाकरायला लागली. आठवड्यात तिनं मैदान सोडलं. बूट माळ्यावर टाकले. मंगलआक्कानं समजूत घातली, रागावली, शेवटी म्हणाली, "त्यांच्याकडनं माफी छापून आणते. त्याच पानावर. मग जाशील न्हवं पळायला?"

स्वरूपा म्हणाली, "छापू देत. मग जाते."

एवढंच होतं सगळं. या बाईला ना पुढारी व्हायचं होतं ना कुणाचा पेपर बंद पाडायचा होता. तिला मुलगी परत मैदानावर पाहिजे होती.

मंगलआक्का आणि मी, दोघी पेपराच्या ऑफिसात गेलो. मारुतीरावांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. माणूस बोलायला गोड.

"ताई, पोरीचं कौतुकच केलंय आम्ही. आपल्या मराठी मुली मागं नाहीत हे जगाला दाखवायला नको का?"

"मग तोंड कुटं हाय तिचं?" मंगलआक्का म्हणाली. तिच्या आवाजानं बाहेरची माणसं आत डोकावली.

"फोटोग्राफर नवीन आहे. आणि ताई, पेपराचं आयुष्य एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी रद्दी. लोक विसरतात."

"रद्दी कुटं जाती म्हायती हाय का तुमास्नी?"

ते नुसते हसले.

"आमच्या गल्लीत येती, सर. साडीच्या घडीत बसती आणि सोलापूर-पुण्यापतोर जाती. तितं बायकांच्या कपाटात वर्सानुवर्सं पडून ऱ्हाती. माझ्या पोरीचा फोटू कुणाकुणाच्या घरात जाणार हाय ते मला म्हायती हाय. म्हणून म्हणते, माफी छापा आणि ते पान बंद करा."

मारुतीरावांनी टेबलावरची वही पुढं ओढली. मग म्हणाले, "हे फार छान आहे. साडीच्या घडीत पेपर. यावर आमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख करू या." मला चहाचा कप त्यांच्या टेबलावर आपटावासा वाटला. मंगलआक्कानं पदर सावरला आणि ती उठली.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिनं दारोदार फिरून ते पान मागून घ्यायला सुरुवात केली. फक्त ते पान. "बाकीचा पेपर आमचा हाय, तेवढं पान तुमचं तुमी घ्या," असं म्हणत ती शनिवारी सकाळी तो गठ्ठा ऑफिसच्या पायरीवर नेऊन ठेवायची. पहिल्यांदा आम्ही चौघीच. मग पलीकडच्या गल्लीतल्या चंपाबाई आल्या, वडगावच्या बायका आल्या, अनगोळातून दोघी-तिघी सुना आल्या. कोण कुठली म्हातारी काठी टेकत यायची आणि पायरीवर पान ठेवून शांतपणे थुंकायची. गठ्ठा वाढत गेला. पानावरचे फोटो लहान झाले, एका शुक्रवारी तर नटीच्या जागी चक्क गुलाबाच्या बागेचा फोटो आला. चंपाबाई हसून हसून खोकायला लागल्या. मंगलआक्का हसली नाही. "माफी न्हाय आली आजून," म्हणाली.

माफी आली असती. माझी आजही खात्री आहे, आणखी थोडे शनिवार असते तर आली असती.

एका शनिवारी पायरीशी कन्नड चॅनेलचा एक पोरगा माईक घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "एन आगेत्री अक्का?" काय झालंय आक्का, म्हणून. मंगलआक्कानं त्याला सगळं सांगितलं, कन्नडमध्ये. आता यात काय नवल? इथं ज्यानं ज्या भाषेत विचारलं त्याला त्याच भाषेत उत्तर देतात. भाजीवाली, कंडक्टर, रेशन दुकानदार, सगळ्यांशी तिचा जन्म असाच गेला. समोरचा माईक आहे की भाजीची पाटी, याचा विचार तिनं केला नाही.

संध्याकाळी ती चित्रफीत सगळीकडे गेली. मथळा असा, की मराठी पेपराविरुद्ध मराठी बायकाच रस्त्यावर. आणि बोलणाऱ्या मंगलआक्काच्या शेजारी चॅनेलवाल्यांनी स्वरूपाचा तोच फोटो लावला. मोठा करून. वर लाल गोल काढून, फिरवून फिरवून दाखवला. म्हणजे त्यांनाही बाईच्या अब्रूचं काही पडलं नव्हतं, त्यांना मराठी पेपराचं नाक कापायला एक फोटो पाहिजे होता.

दुसऱ्या दिवसापासून मंगलआक्का 'घरभेदी' झाली. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यानं पहिल्यांदा तो शब्द लिहिला तो स्वतः कन्नड शाळेत शिकलेला, पण त्याला कोण विचारणार. आमच्या भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये बैठक बसली. मंडळाचा अध्यक्ष विक्रम सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "आक्का, पेपरात फोटू आला, वाईट झालं, मान्य. पण आपलं धुणं तू त्यांच्या दारात न्हेऊन धुतलंस. तेबी त्यांच्याच भाषेत."

"त्यानं इचारलं, मी सांगितलं," मंगलआक्का म्हणाली. "तुमी कुणी इचारलासा मला?"

मला वाटलं आता कुणीतरी उठेल. चंपाबाई माझ्या शेजारीच होत्या, त्यांच्याकडे बघितलं तर त्या चपला शोधत होत्या. त्यांच्या मुलाला मंडळात पद मिळायचं होतं. एकेक बाई तशीच उठून गेली. भाषेचं नाव निघालं की बाईचं गाऱ्हाणं मागच्या बाकावर जातं, आणि तिथंच राहतं. दोन्ही भाषांत हेच. मला या बाबतीत कुणी समतोल विचार करायला सांगू नये.

पुढच्या शनिवारी पायरीवर आम्ही दोघीच होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात नागेंद्रचं सूत यायचं थांबलं. सूत देणारा व्यापारी मंडळाचा जुना देणगीदार. मग विक्रम एक टाईप केलेला कागद घेऊन घरी आला. मंगलआक्कानं 'गैरसमजातून झालेल्या वर्तनाबद्दल' माफी मागायची, म्हणजे सगळं मिटेल. नागेंद्र भिंतीकडे बघत बसला होता. मंगलआक्का म्हणाली, "मी मेले तरी करत न्हाय सही."

तेव्हा स्वरूपा आतून आली. पेन तिच्याच हातात होतं.

"आई, कर सही. सारखं माझं नाव निघाया नको. संपू दे."

"आगं पण तू पळणार हुतीस..."

"मी कुटं पळतीय आता."

मंगलआक्कानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सही केली.

माफी छापून आणायला ती गेली होती, माफी छापून आली. त्याच पानावर, शुक्रवारी. 'सौ. मंगल यांचा माफीनामा.' खाली मारुतीरावांची चार ओळींची टीप, मोठ्या मनाची, आमच्या भगिनी वगैरे. आणि वाचकांना संदर्भ कळावा म्हणून, ज्या छायाचित्रावरून गैरसमज झाला ते छायाचित्र पुन्हा. पहिल्यापेक्षा मोठं. शेजारच्या कॉलमात नटी परत आली होती.

यावर गल्लीत एकही माणूस बोलला नाही. सूत मात्र सोमवारी आलं.

मी त्या घरात जाणं सोडलं नाही. परवा दुपारी गेले तर मायलेकी चटईवर बसून घड्या घालत होत्या. स्वरूपा हल्ली कॉलेजातून आली की हेच करते. हात चांगला बसलाय तिचा. लग्नसराईचे दिवस, साड्यांची चळत लावलेली, शेजारी नवीन आणलेली रद्दी. मी दाराशी टेकले आणि इकडचं तिकडचं बोलत होते, तेवढ्यात मंगलआक्काच्या हाताला ते पान लागलं. माफीनाम्याचं. फोटो वरच्या बाजूला.

मंगलआक्कानं ते दोन्ही हातांनी धरलं, फाडायला. स्वरूपानं तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे. कागद कमी पडत्यात."

"स्वरूपा, आगं..." मंगलआक्का म्हणाली. इतकी वर्षं तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, पण त्या दिवशी दाराशी बसूनही मला पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.

"सगळ्यांनी बगितलाय आई," स्वरूपा म्हणाली.

तिच्या मांडीवर मोरपंखी रंगाची साडी होती, कुणाच्या तरी लग्नाची. तिनं ते पान साडीवर पसरलं, फोटो खाली करून. वरून पदराची घडी आणली, तळव्यानं दाबून सपाट केली आणि साडी चळतीवर ठेवली. मग हात पुढं केला. मंगलआक्कानं तिच्याकडे पुढची साडी सरकवली.