बांधलेल्या हातांची पेनी

भुतंखेतं, देवचार, चकवा... आमच्या कोकणात ह्या गोष्टींना तोटा नाही, आणि मी लहानपणापासून त्यांची टिंगलच करत आलो. रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करणारा माणूस मी. एखादा साक्षीदार "साहेब, मी ह्या डोळ्यांनी पिंपळावर बघितलं" म्हणाला की उलटतपासणीत त्याचा पार भुगा करायचा, हा माझा धंदा. तेव्हा पुढे लिहितो आहे ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो. पण माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत, आणि ती कशानं मोडली हे लोकांनी विचारलं की मी "पायरीवरून पडलो" म्हणतो. आज पहिल्यांदा खरं सांगतो आहे.

साल एकतीस-बत्तीस असेल. आमचं घर खालच्या आळीत, घरात मी आणि माझी बायको यमुना, दोघंच. मला वेड होतं जुन्या विलायती नाण्यांचं. तराजूची छाप असलेले कंपनी सरकारचे पैसे आमच्याकडे कुणाच्याही देवघरात सापडायचे, तिथून सुरुवात झाली. मग मिळाली तिसऱ्या जॉर्जच्या वेळची पेनी — तांब्याची, जाडजूड, कडेला रुंद पट्टी, तळहातावर ठेवली तर सुपारीच्या अडकित्त्यासारखी जड. आणि मग टोकनं! सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत सुट्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा खाणवाल्यांनी, दुकानदारांनी, खानावळवाल्यांनी आपापली टोकनं, म्हणजे खासगी नाणी, पाडली. कुणाच्या टोकनावर गलबत, कुणाच्या मधमाशीचं पोळं. एकावर डोक्यावरून पदर घेतलेला लांब दाढीचा म्हातारा होता. यमुना त्याला "तुमचे गोसावीबाबा" म्हणायची.

ह्या छंदाचे नखरे फार. जुन्या तांब्यावर जो काळसर-तपकिरी रंग चढतो तोच त्याचा दागिना. एकदा मी कोर्टात असताना यमुनेनं माझ्यावर उपकार म्हणून पाच-सहा पेन्या चिंचेनं घासून लख्ख करून ठेवल्या. मी त्या दिवशी जेवलो नाही. तिला वाटलं, मला ताप आला!

आणि माझी एक स्वतःची खोड. नवीन नाणं आलं की ते लगेच निरखायचं नाही. आधी मुठीत घट्ट धरून बसायचं, चांगलं उबदार होईपर्यंत. किती हातांतून फिरून आलं असेल ते... त्या विचारानं बरं वाटायचं. भिंगाचं काम त्यानंतर.

माल पुरवणारा माणूस म्हणजे दुलाजी सारंग. खाडीपलीकडचा, भाट्याचा. आगबोटींवर खलाशांचा मुकादम म्हणून जन्म काढलेला, साठीच्या पुढचा, आडव्या हाडाचा. जवानीत त्यानं लंडनच्या गोदीपासून रंगूनपर्यंत मारामाऱ्या केल्या होत्या, आणि त्यांची वर्णनं तो लग्नातल्या पंगतींसारखी रंगवून सांगायचा. विलायतेच्या भंगारवाल्यांकडून गोळा केलेली तांब्याची नाणी त्याच्या पेटीत पडून होती. दर खेपेला तो तरीतून खाडी ओलांडून यायचा, चहा प्यायचा आणि कमरेच्या बटव्यातून दोन-चार काढून ठेवायचा. मोबदला म्हणून माझ्याकडून भावकीच्या भांडणात फुकट सल्ला घ्यायचा.

त्या रविवारी सकाळी त्यानं एक पेनी आणली. राजाचा चेहरा पार घासून सपाट केलेला. त्यावर कुणीतरी खिळ्यानं ठिपके मारून चित्र काढलं होतं — दोन हात, मनगटाशी दोरानं बांधलेले. पाठीमागे तीन डोलकाठ्यांचं जहाज. विलायतेत कैदी आणि खलाशी अशा पेन्या करून आपल्या माणसांना आठवण म्हणून देत, हे मी वाचून होतो. पण प्रत्यक्ष बघायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

"ही कुठं मिळाली रे?"

"लंडनात. भंगारवाला म्हनला, घेऊन जा, पैसं नको. मना वाटला, येडा हाय."

दुलाजी गेला. मी जेवलो. दुपारची वेळ, पडवीत लख्ख उजेड. यमुना आत पाट्यावर काहीतरी वाटत होती. मी पडवीतल्या खांबाला टेकून बसलो आणि ती पेनी मुठीत धरली.

डांबराचा वास आला. आधी वाटलं, रस्त्याचं काम निघालं असेल.

मग पोटात गुद्दा बसला.

समोर कुणीही नव्हतं. श्वास कोंडला, मी पुढे वाकलो, तोच जबड्यावर दुसरा. डोकं खांबावर आपटलं. मी उठून पळायला गेलो तर माझे दोन्ही हात आपोआप एकमेकांना चिकटले आणि वर खेचले गेले... कुणीतरी दोर ओढावा तसे. चवड्यांवर उभा राहून मी लोंबकळत होतो. मनगटं कापली जात होती. बरगड्यांवर लाथा बसत होत्या, बुटांच्या, एका वेळी दोन्ही बाजूंनी. आणि बोलणं ऐकू येत होतं. इंग्रजी मी रोज वाचतो, बोलतो, पण हे इंग्रजी मला कळेना. एकच शब्द पुन्हा पुन्हा — वेअर? वेअर? कुठे आहे, कुठे लपवलंस, असं काहीतरी विचारत होते. मी ओरडत होतो, "मला माहीत नाही! अहो, मला खरंच माहीत नाही!" — मराठीत. प्रत्येक उत्तराला एक फटका.

पुढचं यमुनेनं सांगितलेलं. ती धावत बाहेर आली तेव्हा मी खांबाशी हात वर करून ताठ उभा होतो, आणि माझं डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे फेकलं जात होतं. तोंडातून रक्त. तिनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि माझ्या चारी बाजूंनी हवेत फिरवलं. कशालाच लागलं नाही. मला मिठी मारून खाली ओढायला गेली, तर मी दगडासारखा. तेवढ्यात तिची नजर माझ्या उजव्या मुठीवर गेली. मूठ इतकी आवळलेली की नखं तळव्यात घुसली होती.

"सोडा ते! अहो, टाका ते हातातलं!"

मला ते ऐकूच आलं नाही. ती आत गेली, वरवंटा घेऊन आली, बाकावर चढली आणि माझी मूठ खांबावर दाबून तिच्यावर वरवंटा हाणला. पहिल्या घावाला मूठ उघडली नाही. दुसऱ्याला दोन बोटं मोडली आणि पेनी खाली पडली. मीही पडलो.

डॉक्टर आले. दोन बरगड्या मोडलेल्या, जबडा सुजलेला, आणि दोन्ही मनगटांवर दोराचे वळ, कातडी सोललेली. डॉक्टरांनी यमुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, कुठल्या पक्षकारानं माणसं पाठवली होती? पोलिसांत कळवू का?"

मी नाही म्हणालो. काय कळवणार?

यमुनेनं ती पेनी सांडशीनं उचलून केळीच्या पानात बांधली. मी अंथरुणातून उठायला लागलो तसा तिनं दुलाजीला निरोप धाडला. तो आला आणि दारातच तिनं त्याला फैलावर घेतलं. दुलाजी मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. मग माझ्याजवळ बसला, माझी मनगटं हातात घेऊन बघत राहिला.

"किती जन व्हते?"

"दिसलं नाही कुणी. दोघं... तिघं असतील."

"आन् तुमी एकले. हात बांदलेले." त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "ही कसली मर्दुमकी?"

"अरे, पण होते कोण ते?"

"कोन का असनात. वयनीबाय, द्या ती पुडी हिकडं. दर्यात टाकून येतो."

यमुना म्हणाली, "पान सोडू नका. हातात घेऊ नका." तो हो म्हणाला. मी बरोबर गेलो. माझ्या डोळ्यांदेखत ती बुडायला हवी होती.

सकाळची वेळ, समुद्र शांत, ऊन स्वच्छ. भाट्याच्या पुळणीवर मी उभा राहिलो, हात गळ्यात बांधलेला. शेजारी दोन खारवी जाळं वाळत घालत होते. दुलाजी एकटाच होडी वल्हवत लाटांच्या पलीकडे गेला आणि उभा राहिला. मी बघत होतो — त्यानं पान सोडलं. पान वाऱ्यानं उडून गेलं. त्यानं उजवी मूठ मिटली.

"दुलाजी!" मी ओरडलो. बरगड्यांतून कळ गेली.

तो मागे कोलमडला, जणू तोंडावर फटका बसला. होडी हेलकावली. तो उठला... आणि त्यानं मारायला सुरुवात केली! दोन्ही हातांनी, खांदे आत घेऊन, पाय रोवून, मुरलेल्या मुष्टियोद्ध्यासारखा. खाली पडे, उठे, पुन्हा तुटून पडे. खारवी जाळं सोडून उभे राहिले. "सारंगाला झालं काय? कोनाला मारतोय?" होडीत तो सोडून कुणी नव्हतं. एकदा तो गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून दातांनी काहीतरी ओढत असल्यासारखा दिसला. पुन्हा उठला, एक शेवटचा गुद्दा मारला आणि तोल जाऊन पाण्यात पडला.

खारव्यांनी त्याला बाहेर काढलं. नाक मोडलेलं, एक डोळा मिटलेला, बंडीच्या चिंध्या. मूठ उघडी, पेनी नाही. वाळूवर पडल्या पडल्या तो हसत होता.

"तिगं व्हते," तो म्हणाला. "सोडला नाय एकालाबी."

"आणि तो? ज्याला मारत होते तो?"

"प्वार व्हता हो... मिसरूड नाय फुटलेलं. खाली खुट्याला बांदलेला त्याचा दोर सोडवला मी दातानं. मंग तिगंबी माझ्यावर आले, मागं बगायला टाइम कुटं व्हता?"

मी त्या पोराच्या जागी लोंबकळलो होतो, दुलाजी त्याच्या बाजूला उभा राहिला. हा फरक का पडला, मला सांगता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर दुलाजीचा उजवा हात धूत होते. मधल्या बोटाचं पेर फाटलं होतं आणि जखमेत काहीतरी टणक रुतलं होतं. त्यांनी चिमट्यानं ते ओढून काढलं आणि ताटलीत टाकलं. टण्ण आवाज झाला.

माणसाचा दात. मुळासकट, तंबाखूनं काळा पडलेला.

डॉक्टरांनी दुलाजीचं तोंड उघडायला लावलं, दिवा धरून आतून तपासलं. त्याचे सगळे दात जागच्या जागी होते. त्या होडीत दुसरा माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन, ते दोन खारवी सांगतील. मग तो दात कुणाचा? डॉक्टरांनी ताटलीवर फडकं टाकलं. एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, ह्याचा रिपोर्ट मी लिहिणार नाही."

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दुलाजी गेला. डॉक्टरांची बदली झाली, तो दात त्यांनी नेला की फेकला, मी विचारलं नाही. मी पुस्तकं चाळली, जाणत्या लोकांना आडून आडून विचारलं. कशाचाही उलगडा झाला नाही, आता होईल असंही वाटत नाही.

यमुनेला कारणाची पर्वा नाही. तिचा प्रश्न वेगळाच. अजूनही कधीतरी, भाजी निवडताना किंवा वाती वळताना, ती मधेच थांबते आणि विचारते —

"सुटला असेल ना हो तो पोरगा?"

मी वकील. पुराव्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही.

"सुटला," मी म्हणतो.