कापसाच्या खोलीतला धूर

माझं रक्त डासांना गोड लागतं, असं आई म्हणायची. असेलही, पण त्या गोडीचा मला काय उपयोग? इतरांना डास चावला की दोनदा खाजवून विषय संपायचा. मला चावला की सुपारीएवढा फोड यायचा, मी तो ओरबाडायची आणि पुढे पंधरा दिवस तो चिघळायचा. यवतमाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये मच्छरदाणी होती, कॉइल होती, जाळीची दारं होती. पण दिवाळीच्या सुट्टीत मला मावशीकडे जायचं असायचं, आणि मावशी राहायची आर्णीच्या पुढे, ओढ्याकाठच्या खेड्यात.

मावशी आईची मोठी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. सुट्टीतले ते दहा दिवस ती माझे इतके लाड करायची की घरी परतल्यावर आठवडाभर मी आईला उलट उत्तरं द्यायची. आदल्या वर्षी मात्र मी पायभर चिघळलेले फोड आणि ताप घेऊन परतले होते. शाळा बुडाली. आईने जाहीर केलं की आता मावशीकडे जाणं बंद. मग मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे आईसमोर जेवले नाही, आणि परवानगी मिळाली.

बॅगेत तिने लांब बाह्यांचे फ्रॉक भरले, मोजे भरले, कॉइलचं पाकीट आणि मलमाची नवी कोरी ट्यूब ठेवली. "फोड आला तं हे लावजो. आन ट्यूब किती संपली थे मी घ्यायले येईन तवा पाहीन. अर्धी संपली असली तं पुढच्या साली मावशीचं नाव काढायचं नाही." त्याच क्षणी मी ठरवलं की काहीही झालं तरी त्या ट्यूबचं झाकण काढायचं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणाने नव्हे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मावशीच्या घरी पोचल्यावर एवढं दिसलं की मोठी खोली खिडकीच्या वरपर्यंत कापसाने भरलेली आहे. सरकारी खरेदी केंद्र उघडलं नव्हतं, म्हणून वेचलेला सगळा कापूस घरातच होता. कोपऱ्यात तर गेल्या सालचाही थोडा होता, भाव चढेल या आशेवर ठेवलेला. आम्ही झोपायचो शेजारच्या लहान खोलीत, आणि दोन खोल्यांच्या मध्ये नुसती चौकट होती.

घरात कापूस असला की आग घरात येत नाही. मावशीची चूल अंगणात टिनाखाली गेली होती. मावसाजी बिडी ओढायला फाटकाबाहेर जायचे. लक्ष्मीपूजन अंगणात झालं, पणत्या कुंपणाच्या भिंतीवर लागल्या, आणि देवळीतला दिवा विझलेलाच राहिला. माझं कॉइलचं पाकीट पाहताच मावसाजींनी ते हळूच उचलून खिशात टाकलं. "माय, हे अठी नाही चालत. एक ठिणगी पडली तं सालभराची मेहनत गेली."

मग मावशी बिनधुराच्या उपायांना लागली. माझ्या हातापायांना निंबाचं तेल चोळलं. त्या वासाने डास पळाले की नाही ठाऊक नाही, मी मात्र स्वतःपासून पळायला तयार होते. मावसाजींची दोन जुनी धोतरं जोडून तिने मच्छरदाणी शिवली. तिच्यात इतकं उकडायचं की सकाळी ती माझ्या पायांशी गोळा होऊन पडलेली असायची. रोज सकाळी मावशी मला उजेडात बसवून, तांदळातले खडे शोधावेत तशी माझ्या अंगावर फोड शोधायची. तिसऱ्या दिवशी पाच झाले. मी त्यांच्यावर नखाने फुल्या काढल्या, पण ट्यूबला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला डास पुन्हा गुणगुणायला लागले, तेव्हा मला युक्ती सुचली. मी मोठ्या खोलीत गेले आणि कोपऱ्यातल्या त्या जुन्या, मऊ ढिगात शिरले. फक्त नाक बाहेर ठेवलं. डास डोक्यावर दोन फेऱ्या मारून निघून गेले. मी इतकी खूश झाले की मला तिथेच झोप लागली.

मावशीच्या हाकांनी जाग आली आणि अंगाची आग सुरू झाली. मानेपासून पायापर्यंत पुरळ. जुन्या कापसात बारीक किडे होतात आणि ते अंगाला खाज आणतात, हे त्या गावात न सांगता सगळ्यांना माहीत होतं. मावशीकडे कापूस वेचायला येणारी, जवळच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी होती; तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती पदर तोंडाला लावून हसली. "शयरातली पोरगी! कापसात कोनी निजते का बाई?"

मावशीने निंबाचा पाला उकळून मला आंघोळ घातली आणि खोबरेल तेलात कापूर घालून पाठीला लावायला बसली. मी हमसून हमसून रडत होते, पण खाजेमुळे नाही. "आता आई मले कधीच पाठोनार नाही," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाठीवरचा तिचा हात थांबला. तिने वाटी खाली ठेवली आणि ती अंगणात मावसाजींकडे गेली.

"पोरगी म्हून राह्यली, पुढच्या साली तिची माय येऊ देनार नाही."

मावसाजींनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी गोठा झाडून घे."

सकाळी उठून पाहते तो बैल बाहेर निंबाखाली बांधलेले, आणि मावसाजी, मावशी अन् याडी डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन घरातून गोठ्यात ये-जा करताहेत. मीही एक लहान गाठोडं घेऊन मिरवले. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. मावशीने ती झाडली, सारवली, आणि दिवस कलल्यावर घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर निंबाचा ओला पाला टाकला. घरभर धूर झाला, आम्ही तिघंही खोकत बाहेर पळालो. धूर निवल्यावर मावशीने देवळीतला दिवा लावला आणि हात जोडून पुष्कळ वेळ उभी राहिली.

त्यानंतरचे पाच दिवस मला एकही डास चावला नाही. मावसाजी मात्र कापसाच्या राखणीला गोठ्यात झोपू लागले, आणि तिथे धूर करता येत नव्हता. रोज सकाळी त्यांचा चेहरा नवा असायचा. एक दिवस तर डावा डोळाच उघडेना. "मावसाजी, तुमचं बी रक्त गोड झालं!" म्हणून मी टाळ्या पिटल्या. तेही हसले.

दुपारी मावशी, याडी आणि मी गोठ्यात बसून कापसाला चिकटलेलं कुटार, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचा भुसा, वेचायचो. मला तो खेळ वाटायचा. कापसात काडीकचरा दिसला की केंद्रावर त्याची प्रत उतरते, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. माझ्यासाठी आजवर बऱ्याच जणांनी बरंच केलं आहे आणि मी ते विसरलेले नाही. पण माझ्या पायावर फोड येऊ नये म्हणून कुणी वर्षाचं पीक घराबाहेर काढलं, याची आठवण आली की आजही मला भरून येतं.

आई न्यायला आली. तिने ओट्यावरच माझे हातपाय उलटसुलट तपासले. पुरळ ओसरलं होतं, फोड सुकले होते. मग तिने ट्यूब काढली. झाकणाखालचं सील तसंच होतं.

"बाई, यंदा मच्छर नव्हते का?" तिने मावशीला विचारलं.

"नाही बाप्पा. यंदा मच्छरच नाही."

"एकही नाही," एक डोळा अर्धा मिटलेले मावसाजी शेजारून म्हणाले.

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग निंबाखालच्या बैलांकडे, मग गोठ्याकडे. तीही कापसाच्याच घरात वाढली होती. चहा झाला. निघताना ती दोघांच्या पाया पडली, मलाही पडायला लावलं, आणि ती कोरी ट्यूब तिने मावसाजींच्या हातात ठेवली.

"भाऊजी, हे लावा चेहऱ्याले. आन उरली तं जपून ठेवजा. पुढच्या साली पोरगी येईन, तवा लागन."

"हिची बॅग आत राह्यली वाटते," असं म्हणत मावशी घाईघाईने घरात गेली. बॅग माझ्या हातातच होती.