अंबाड्यावरची टोपी

आमच्या नात्यात कुणाच्या लग्नाचा अल्बम उघडला आणि एखाद्या फोटोत नवरदेवाला मुंडकंच नसलं, की सगळ्या बायका न विचारता माझ्याकडं बघतात. पन्नाशी ओलांडली, तीन कॅमेरे बदलले, पण हात तोच राहिला. त्यामुळं मावसभावानं फोन करून, "दादा, आमच्या पार्टीचे फोटो काढायला चल," असं म्हटलं तेव्हा मला आधी त्याच्या पार्टीचीच काळजी वाटली.

हा मावसभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पूर्णेच्या बाजारात त्याचं बायकांचे ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आणि जत्रांचे दिवस सुरू झाले की तो नऊवारी नेसून, घुंगरं बांधून लावणी नाचतो. त्याच्या नाचाच्या पार्टीत सगळे पुरुषच. एक रिक्षा चालवतो, एक गवंड्याच्या हाताखाली असतो, एकाच्या घरी मेंढरं आहेत. लोक येतात ते हसायला, आणि दुसऱ्या गाण्याला हसायचं विसरतात, असं मी ऐकून होतो. ऐकूनच होतो, कारण बघायला एकदाही गेलो नव्हतो. ड्यूटी आहे म्हणायचो. रेल्वेतल्या कारकुनाला हे एक सुख आहे, ड्यूटी आहे म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. खरं म्हणजे, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर काय बोलायचं ते माझं ठरलेलं नव्हतं.

या वेळी मात्र नाही म्हणता येईना. कार्यक्रम झरीच्या अलीकडं, आक्काच्या गावात होता.

आक्का म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. मावशी लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिच्या लग्नात पाठराखीण म्हणून कोण जाणार यावर बायकांचा वाद चालला होता, तेवढ्यात हा आठ वर्षांचा पोरगा तिच्या शेजारी गाडीत जाऊन बसला आणि उतरेना. पुढं सहा वर्षांपूर्वी कुणीतरी हळदीकुंकवात आक्काला मोबाइलवर त्याचा नाच दाखवला. आक्कानं तो मोबाइल तसाच परत दिला. पण त्या दिवाळीला भाऊबीजेचा फोन आला नाही. आणि फोन आला नाही म्हणून हा गेला नाही. दोघंही एकाच मावशीची लेकरं, एकाच मातीची. सहा दिवाळ्या अशाच गेल्या.

आता दाजी त्यांच्या गावच्या जत्रा कमिटीत होते आणि त्यांनीच पार्टीला बोलावलं होतं.

"आक्का बघायला येणार म्हणली," टेम्पोत तो मला म्हणाला. मांडीवर मेकअपची पेटी होती, ती दोन्ही हातांनी धरलेली. "दाजीनं सांगितलं. दादा, तिच्या गावातला एक चांगला फोटो दे मला. आन् जमलं तर एक तिच्यासंग."

"डोकं येईल याची हमी न्हाई," मी म्हटलं.

"माजं न्हाई आलं तरी चालंल. तिचं येऊ दे."

गावातल्या शाळेची एक खोली त्यांना तयार व्हायला दिली होती. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, खाली बाकांवर पावडर, पिना, गजरे. मी फोटो काढायला गेलो होतो, पण पाच मिनिटांत माझ्या तोंडात पिना आणि हातात कुणाचा तरी कासोटा आला. कासोटा मागून ओढून खोचायचा असतो, हे मला पन्नाशीत कळलं.

"अजून ओढा काका, लाजू नका," मेंढरंवाला म्हणाला. "मेंढरू बांधायचं म्हणून ओढा."

"मेंढरू बरं. ते असं हालत न्हाई," रिक्षावाला म्हणाला. एकमेकांना ते बाईच म्हणत होते. ए बाई, आरसा दे. ए बाई, तुझी दाढी राहिली गालाखाली.

मावसभावानं दोनदा दाढी केली. मग तोंडाला एक हात रंग, त्यावर दुसरा. भुवया कोरताना त्यानं श्वास धरला, आणि मला आठवलं, मावशी सुईत दोरा ओवताना असाच श्वास धरायची. मी कॅमेरा उचलला, पण तोंडात पिना होत्या, आणि पिना खाली ठेवायला जागा नव्हती. तो फोटो राहिला तो राहिलाच.

तो गजरा माळून घेत होता, तेव्हा दारातून कमिटीतले एक निवृत्त गुरुजी आत डोकावले. त्यांनी मला हातानं बाहेर बोलावलं.

"पाहुणे, तुमी घरचे म्हणून इचारतो," ते हळू म्हणाले. "मधी सत्कार ठिवलाय. बायकांमदून निरोप आलाय, ह्यांची ओटी भरायची म्हणायल्यात. साडीबी आणलीय म्हणे कुणीतरी. कमिटीनं तर टोपी-टॉवेल आणून ठिवलाय. आता कसं करावं?"

आमच्याकडं सत्काराची रीत अशी साफ आहे. पुरुषाला टोपी-टॉवेल, बाईला खण-नारळ, मायेची असली तर साडी. कुठल्याही बाजारात जा, या दोनच पिशव्या बांधून तयार असतात. तिसरी पिशवी अजून कुणी काढलेली नाही.

मी विचार केला. आता वाटतं, केला नसता तर बरं झालं असतं. मनात म्हटलं, समोर आक्का बसणार. सगळ्या गावासमोर तिच्या सख्ख्या भावाच्या पदरात नारळ पडला तर ती उद्या विहिरीवर, दुकानावर कुठल्या तोंडानं जाईल? सहा वर्षांची बारा होतील. यात माझी स्वतःची लाज किती होती आणि आक्काची काळजी किती, हे तेव्हा मी मोजलं नाही. साडी कुणी आणली, हेही विचारलं नाही. आणि ज्याचा सत्कार होता तो माझ्यापासून सहा हातांवर बसला होता. मान वळवून एक हाक मारली असती तरी चाललं असतं.

"टोपी-टॉवेलच बरा, गुरुजी," मी म्हटलं. "शेवटी गडीमाणूस हाय."

"मलाबी तेच वाटलं," गुरुजी म्हणाले आणि सुटल्यासारखे निघून गेले. मीही एक जिम्मेदारी पार पाडल्यासारखा आत आलो आणि दुसऱ्या कासोट्याला हात घातला.

कार्यक्रम सुरू झाला. मी स्टेजच्या कडेला कनातीला टेकून उभा होतो. पहिल्या गाण्याला शिट्ट्या आल्या, कुणीतरी "ए मावशे" म्हणून ओरडलं. दुसऱ्या गाण्याला, मी ऐकलं होतं तसंच, सगळं शांत झालं. ज्या हातानं हा माणूस दिवसभर बाह्या कापतो, तो हात नुसता कमरेवरून उचलून कपाळाशी नेला, तर समोरच्या बायकांच्या माना त्याच्याबरोबर वर झाल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावायचं विसरलो. एवढी वर्षं मी ड्यूटीच्या नावाखाली काय चुकवत होतो ते कळत होतं, आणि अशा वेळी कळून उपयोग नसतो.

आक्का बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. डोळे न मिटता बघत होती. मला तो राग वाटला.

मग सत्काराला माइकवर नावं पुकारली. गुरुजी ताट घेऊन पुढं आले. मावसभाऊ दोन पावलं पुढं झाला आणि त्यानं, कुणी न सांगता, दोन्ही हातांनी पदर पसरला. बाकीच्या गावांत त्याच्या पदरातच घालत असणार. मला कुठं माहीत होतं, मी कुठल्या गावाला गेलो होतो?

गुरुजी थबकले. पण ताटात जे होतं तेच त्यांच्या हाताला लागणार. टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकायला नेला, तो घसरून पदरात पडला. टोपी ठेवायला डोक्यावर जागा नव्हती, अंबाडा आणि वर गजरा. त्यांनी ती अंबाड्यावरच टेकवली. ती तिरकी झाली, आणि पुरुषांच्या बाजूनं जो हशा उठला तो पार जत्रेतल्या पाळण्यापर्यंत गेला असेल. मावसभाऊ हसला. तो स्टेजवरचा माणूस, त्याला हसता येतं. पण पदर त्यानं लगेच सोडला नाही. थोडा वेळ तसाच धरून उभा राहिला.

त्या वेळी माझ्या बोटानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोत माणसाचं डोकं पूर्ण आलं, टोपीसकट.

कार्यक्रम संपला. बाकीच्यांनी तोंडं पुसली, पँटी चढवल्या, पेट्या टेम्पोत टाकल्या. हा तसाच बाकावर बसून राहिला, रंग, गजरा, घुंगरं सगळ्यासकट.

"चल ना," मी म्हटलं.

"जरा दम धर. आक्का येईल आत."

मी बाहेर जाऊन बघून आलो. बायकांच्या बाजूला चटया गुंडाळत होते. दाजी भेटले, म्हणाले, तिचं डोकं दुखायलंय, ती मघाच घरी गेली. मी तसंच येऊन सांगितलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग मावसभावानं बाजूला पडलेला सत्काराचा टॉवेल घेतला आणि त्यानंच तोंड पुसलं. नव्या टॉवेलाला पाणी लागत नाही, रंग नुसता पसरत होता.

"टोपी-टॉवेलचं कुणी ठरिवलं आसंल?" त्यानं विचारलं.

"गावाची रीत आसंल," मी म्हटलं.

"हौ. आसंल." मग टॉवेल उलटा करून, "आक्का व्हती म्हणून वाटलं व्हतं, निदान नारळ तरी."

परतीच्या रस्त्यावर त्यानं एकच गोष्ट सांगितली. तो टोपीचा फोटो काढला असशील तर पुसून टाक. मी म्हटलं, टाकला. टाकला नव्हता. हाताला चांगला फोटो आयुष्यात एकदा लागलेला, तो पुसवेना.

पुढं त्यांच्या फ्लेक्ससाठी फोटो निवडायला मी ते सगळे कॉम्प्युटरवर मोठे करून बघत होतो. टोपीचाही मोठा केला. कडेवरून काढल्यामुळं त्याच्या मागं बायकांची बाजू आली होती. तिसऱ्या रांगेत आक्का अर्धवट उठलेली. बाकीच्या बायका हसतायत, ती नाही. तिच्या दोन्ही हातांत, पोटाशी धरलेली, कापडाच्या दुकानाची पिशवी होती. पिशवीतून नारळाची शेंडी वर आली होती.

मी बायकोला हाक मारली नाही. कॉम्प्युटर बंद करून टाकला, जसं काही त्यानं फोटोतली पिशवी जाईल.

उरलेलं दाजींनी सांगितलं, चुडाव्याला एका लग्नाच्या पंगतीत. "तुमची आक्का त्या दिवशी सकाळी परभणीला जाऊन साडी घेऊन आलती," ते म्हणाले. "म्हणली, आता भावाला साडीतच बगायचं हाय तर साडी माझ्या हातची नेसू दे. आन् गुरुजीनं सांगितलं, पाहुण्याकडून नको म्हणून निरोप आलाय. तिला वाटलं, त्यानंच नको म्हणलं. आपल्या हातचं नको त्याला, म्हणून रात्रभर रडली."

"कोणता पाहुणा?" मी विचारलं.

"आता गुरुजीला ध्यानात न्हाई. पार्टीतलंच कुणीतरी आसंल."

त्या वेळी सांगायला हवं होतं. पंगत होती, दाजी शेजारी होते, तोंड उघडायचाच अवकाश. मी तोंड उघडलं आणि वाढप्याला अजून एक जिलेबी वाढायला सांगितली. मला जिलेबी आवडत नाही.

त्यानंतर दिवाळी आली. सातवी. मी भाऊबीजेच्या दिवशी मुद्दाम त्याच्या दुकानावरून गेलो. दुकान उघडं होतं, मशीन चालू होतं. मी सायकलवरून हात केला, त्यानं केला. घरी आल्यावर माझ्या बहिणीनं मला ओवाळलं तेव्हा ताटातल्या दिव्याकडं मला नीट बघता आलं नाही. डोळ्यात धूर गेला म्हणालो. निरांजनाला कुठला धूर, ती म्हणाली.

शेवटी मागच्या महिन्यात गेलो. बायकोचा एक ब्लाऊज सैल करायचा आहे असं निमित्त घेऊन गेलो, आणि तो घट्ट करायचा होता हे नंतर कळलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. ती टोपी खिळ्याला टांगलेली होती, तिच्यात खडू ठेवले होते. मी स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. गुरुजी, टोपी-टॉवेल, गडीमाणूस. दाजी काय म्हणाले ते. मग मोबाइलवर घेऊन ठेवलेला तो टोपीचा फोटो उघडून त्याच्यापुढं धरला, न पुसलेला.

त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. स्वतःकडं त्यानं पाहिलंच नाही. दोन बोटांनी मागची रांग मोठी केली, अजून मोठी केली, आक्काचा चेहरा फुटून नुसते ठिपके होईपर्यंत. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढं सुख त्यानं मला का द्यावं?

"कोणत्या रंगाची व्हती?" त्यानं विचारलं.

"काय?"

"साडी."

मला माहीत नव्हतं. पिशवी बंद होती. दाजींना विचारायचं सुचलंच नव्हतं.

"विचारून सांगतो," मी घाईनं म्हटलं. "आत्ता लावतो आक्काला फोन."

त्यानं माझा मोबाइल माझ्या हातात परत दिला, आणि माझा हात खाली दाबला.

"तू नको दादा," तो म्हणाला. "तू आता कुणाला काय इचारू नको, आन् कुणाला काय सांगू नको. मी इचारीन."

मग त्यानं ब्लाऊज उलटा केला, शिवण बघितली आणि चाक फिरवलं. मी थोडा वेळ बसलो. त्यानं विचारलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. विचारायची मला मनाई आहे.